हिशेबात नसलेली गरज

(वार्षिक सभेतील प्रशासकांचे मनोगत)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. म्हणून जमाखर्चाच्या भाषेतच बोलतो. जुलै २०१८ मध्ये सॅनिटरी पॅडवरील १२ टक्के जीएसटी रद्द झाला. ऑगस्ट २०१९ पासून जनऔषधी केंद्रांत पॅड १ रुपयास मिळू लागले. तरीही आपल्या सामान्य कक्षातील एक रुग्णभगिनी, सोबतच्या सासऱ्यांना सांगण्याच्या संकोचाने, रात्रभर जुन्या कापडावर राहिली. कापूस-पट्टीची तरतूद करताना ही गरज मला कधी सुचली नाही, ही माझी उणीव. यापुढे प्रत्येक स्त्री-कक्षाच्या स्वच्छतागृहात पॅड विनामूल्य ठेवावेत; शेजारी झाकणाची कचरापेटी असावी. कोणासही मागावे लागू नये. या खर्चास विश्वस्तांनी मंजुरी द्यावी व देणगीदारांनी हातभार लावावा, ही नम्र विनंती.