आधी ताक मागा

जेवणात मी चोखंदळ नाही. नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी असली की झाले. पेयाबाबत मात्र हट्टी आहे. रोजा सोडताना घरातली मुले कोला मागतात, मी ताक. ३०० मिलिलिटर कोलात साखरच सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे सहा-सात चमचे!

रायगडाच्या पायथ्याची हिरकणीवाडी ओळखली जाते ती गडावर दूध विकायला गेलेल्या हिरकणीच्या नावाने. १९९६ साली तिथे रोप-वे आला, पर्यटक वाढले. गडवाटेवर आजही बायाबापड्या ताक विकतात. आपण बाटली फोडली की त्यांचे ताक संध्याकाळी तसेच घरी परत जाते. तेव्हा गडावर तहान लागली, तर आधी ताक मागा.