आधी पाण्याची वाट, मग घर
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरांचे नकाशे काढणं हा माझा व्यवसाय. पण आज सांगणार आहे ती माझी एक चूक. जिच्यामुळे नुकसान झालं तो आपल्याच वर्गातला मित्र समोर बसलाय. त्याला विचारूनच बोलतोय.

रत्नागिरीजवळ समुद्राकडे उतरणारी त्याची जागा. मी जेसीबी लावून डोंगर कापला, सपाटी केली आणि मागे काँक्रीटची उंच भिंत बांधली. घर जोत्यापर्यंत आलं आणि पाऊस लागला. जुलैत ती भिंत जोत्यावर कोसळली. काम बंद होतं, म्हणून खाली माणूस नव्हता. भिंतीत पाणी बाहेर पडायला पुरेशी भोकं मी ठेवली नव्हती. मागे तुंबलेल्या पाण्याने ती ढकलली. खालच्या बागेतला त्याच्या आजोबांचा बिनसिमेंटचा गडगा मात्र जागच्या जागी होता. त्याच्या फटींतून पाणी निघून जात होतं.

भूगोलाच्या तासाला सरांनी प्रतिरोध पाऊस शिकवला. परीक्षेत मला पूर्ण गुण मिळाले, पण तो उपयोगात आणायला एक भिंत पडावी लागली. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे १०० चौरस मीटर छपरावरून तीन लाख लिटर पाणी!

मग नकाशा नव्याने काढला. डोंगराच्या अंगाला चर खणून पाणी वहाळाकडे वळवलं. घर उताराबरोबर तीन टप्प्यांत उतरवलं. मित्राच्या आईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांची खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर रस्त्यालगतच्या वरच्या टप्प्यावर घेतलं. भिंती चिऱ्याच्या, छप्पर कौलारू. मित्राला समुद्राकडे मोठी काच हवी होती, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा तिकडूनच येतो. काच ठेवली, तिच्यापुढे आठ फुटांची पडवी काढली. खारी हवा लोखंड खाते, म्हणून खिडक्या लाकडी केल्या.

तुमच्यापैकी बरेच जण निवृत्तीनंतर गावी घर बांधायचं म्हणताय. नकाशा काढण्याआधी भर पावसात छत्री घेऊन जागेवर उभे राहा. पाणी कुठून येतं, कुठे जातं ते बघा. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. मी विचारलं नव्हतं.

मित्राने तेव्हा मला दुसरी संधी दिली. त्याचे आभार मानायचे राहिले होते, ते आज सर्वांसमक्ष मानतो.