दिवाळी अंकाची आखणी

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढून जी प्रथा पाडली, तिच्यात संपादकाची दिवाळी आश्विनात नव्हे, ज्येष्ठातच सुरू होते. कारण लेखकांना निमंत्रणाची पत्रे तेव्हाच रवाना झाली नाहीत, तर गणपतीपर्यंत हस्तलिखिते दफ्तरी जमा होत नाहीत. संपादकाच्या मेजावरील अनुक्रमणिकेचा कच्चा कागद पाहावा: कथेपुढे लेखकाचे नाव, नावापुढे पृष्ठसंख्या, आणि समासात पेन्सिलीने ‘स्मरणपत्र तिसरे’. १६ पृष्ठांच्या फर्म्यांत सारा मजकूर बसवायचा असल्यामुळे, शेवटच्या फर्म्यात दीड पान रिकामे उरले, की त्यासाठीच राखून ठेवलेली कविता (कवींनी रागावू नये) मेजाच्या खणातून बाहेर निघते.