शीत वाळवंटातील वन्यजीवन आणि ग्रामस्थ



पर्वत म्हटला की सह्याद्रीच्या सान्निध्यात वाढलेल्या आपल्या डोळ्यांपुढे मुसळधार पाऊस आणि दाट अरण्य उभे राहते. लडाखमधील झांस्कर पर्वतराजीचे रूप याच्या अगदी उलट आहे. मोसमी वारे हिमालयाच्या मुख्य रांगेपाशीच रिते होतात. लेह येथे पाऊस व हिम मिळून वर्षाकाठी सुमारे १०० मिलिमीटर एवढीच वृष्टी होते. झाडे दिसतात ती ओढ्याकाठी; उतारांवर केवळ खुरटी झुडपे व विरळ गवत.

या तुटपुंज्या चाऱ्यावर तेथील सारी जीवसाखळी उभी आहे. भरल, शापू व आयबेक्स हे चरणारे प्राणी, त्यांच्यावर जगणारे हिमबिबट्या व लांडगा, आणि उरलेली हाडे पचविणारे दाढीवाले गिधाड, अशी ही रचना आहे.

या प्रदेशात १९८१ साली हेमिस राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. आज त्याचे क्षेत्र सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर आहे. उद्यानात गावेही आहेत आणि त्यांच्या शेळ्यामेंढ्या त्याच कुरणांवर चरतात. छप्पर नसलेल्या वाडग्यात शिरलेला हिमबिबट्या एका रात्रीत अनेक मेंढ्या मारू शकतो. ज्याची वर्षाची कमाई अशी बुडाली, त्याने सूड घेऊ नये, असे केवळ कायद्याच्या बळावर कसे सांगावे?

उपाय साधाच निघाला. वाडग्यांच्या भिंती उंच केल्या, वर तारेची जाळी ताणली, दारे घट्ट बसविली. २००२ च्या सुमारास पर्यटकांना गावातील घरीच उतरवून घेण्याची प्रथा सुरू झाली आणि गृहिणींच्या हाती उत्पन्न येऊ लागले. कालचा वैरी गावाच्या मिळकतीचे साधन ठरला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेत देशातील ७१८ हिमबिबट्यांपैकी ४७७ लडाखमध्ये असल्याचा अंदाज देण्यात आला.

अर्थात, चिंता संपलेली नाही. वस्त्या व पर्यटन यांच्या उष्ट्याखरकट्यावर पोसलेली मोकाट कुत्री आता वन्य प्राण्यांवर व गुरांवरही तुटून पडतात.

आपल्याकडे जुन्नर परिसरात उसाच्या फडांत बिबट्या वावरतो. भूभाग वेगळा असला तरी प्रश्न तोच आहे. वन्य पशूच्या अस्तित्वाचा भार ज्याच्या पदरी पडतो, त्याचे नुकसान टळावे आणि लाभात त्याला वाटा मिळावा, याचा विचार प्रथम झाला पाहिजे. तो करण्यास ग्रामसभेइतके योग्य स्थान दुसरे नाही.