आधी आकडा, मग मोल



रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ १९९३ साली निघाला. त्यात ‘फायरबॉल’ नावाचा मंत्र आहे. किंमत: एक लाल मंत्रशक्ती, अधिक ‘क्ष’. क्ष खेळणाऱ्याने ठरवावा. मात्र आधी आकडा बोलायचा, मग शक्ती मोजायची. पहिल्यानंतर दर लक्ष्यामागे एक शक्ती जादा. गाठीला ७ असतील, तर एकावर ६ चा घाव बसतो. दोघांवर टाकाल तर क्ष उरतो ५; वाट्याला दोन-दोनच, अपूर्णांक बुडाला! प्रतिपक्षाने मंत्र रोखला, तरी खर्चलेले परत नाही.

मित्रहो, एकदा मदतफंड न मोजताच आम्ही दुसऱ्या कारखान्यातही संप पुकारला. धान्य दोन्हीकडे अर्धपोटी पोचले. आघाडी वाढवावी, पण तिची किंमत आधी विचारावी.