जुना ध्वनिवर्धक : पारख आणि निगा



घाटघर हे आपल्या जुन्नर तालुक्याच्या पश्चिम कड्यावरचे गाव. तेथून पुढे गेले की नाणेघाट लागतो आणि घाटाच्या तोंडाशी तो प्रसिद्ध दगडी रांजण दिसतो. सातवाहनकाळी व्यापारी जकातीची नाणी त्यात टाकीत, असे परंपरा सांगते. तांडे काही सारख्या ओघाने येत नसणार. कधी गर्दी, कधी शुकशुकाट. पण साठवणीचा रांजण असला म्हणजे आवक कमीजास्त झाली तरी खर्च सारखा चालवता येतो. ध्वनिवर्धकात, म्हणजे अँप्लिफायरमध्ये, हेच काम कंडेन्सर करतो. विजेचे झोत तो साठवून घेतो आणि संथ धारेने पुढे देतो.

घाटावरचा रांजण दगडाचा, म्हणून तो टिकला. कंडेन्सरचे तसे नाही. आज आम्हांला एवढेच सांगावयाचे आहे की, जुना ध्वनिवर्धक म्हातारा होतो तो मुख्यतः त्याच्या कंडेन्सरांपायी. हे ध्यानात घेऊन जो खरेदी करील त्याचा पैसा वाचेल, आणि जो दुरुस्ती करील त्याचा कदाचित जीवही वाचेल.

प्रथम त्याची घडण पाहू. इलेक्ट्रोलिटिक जातीच्या कंडेन्सरात अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि त्यांमध्ये रसायनाने भिजवलेला कागद, अशी गुंडाळी असते. एका पट्टीवर ऑक्साइडचा थर असतो. तीच या रांजणाची भिंत. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही ती पातळ असते. विशेष असे की, ही भिंत आतल्या रसायनामुळे आणि विजेच्या दाबामुळे सतत लिंपली जाते. यंत्र वर्षानुवर्षे बंद राहिले की लिंपण थांबते आणि भिंत झिरपू लागते. उलट यंत्र फार तापत राहिले तर रसायनच आटते. या धंद्यातला ढोबळ हिशेब असा : ८५ अंश सेल्सिअसला २,००० तासांचा कंडेन्सर ७५ अंशांना सुमारे ४,००० तास आणि ६५ अंशांना सुमारे ८,००० तास चालतो. म्हणून ध्वनिवर्धकावर भरतकामाचा रुमाल टाकून त्याची हवा कोंडणे हे त्याचे आयुष्य कापण्यासारखेच आहे.

रसायन आटले की आवाजात घरघर येते. आपल्या विजेची आवर्तने सेकंदाला ५०. एकदिश करताना त्यांची बहुधा १०० होतात, आणि ती न गाळता कर्ण्यापर्यंत पोहोचली की गायकाच्या षड्जाखाली दुसराच एक सूर लागून राहतो. पण घरघर ऐकू तरी येते. कपलिंग कंडेन्सराचा दोष याहून कपटी. १९५४ साली मुलार्ड कंपनीने ‘५-१०’ नावाचा आराखडा प्रसिद्ध केला. ईएल८४ जातीच्या दोन व्हॉल्व्हांवर १० वॅट देणारा हा संच कित्येक हौशी मंडळींनी घरी बांधला. अशा संचात आधीच्या टप्प्याचे सुमारे २०० व्होल्ट शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडपासून अडवून धरणे हे कपलिंग कंडेन्सराचे काम. समजा, त्याचा मेणकागद दमटपणाने खराब झाला आणि त्याचा रोध २ कोटी ओहमवर आला. ग्रिडचा रोध ४ लाख ७० हजार ओहम धरला, तर ग्रिडवर साडेचार व्होल्ट चढतात. तेवढ्याने व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर प्रवाह ओढतो, त्याची प्लेट लाल होते आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. गंमत अशी की, क्षमता मोजणाऱ्या साध्या मीटरवर तोच कंडेन्सर निर्दोष ठरतो!

घाटघरच्या बाजूचा पाऊस आपणांस ठाऊक आहे. पावसाळ्यात ढग दारातून आत येतात. अशा हवेत कागदाचे कंडेन्सर ओल पितात. त्यातून आपल्याच तालुक्यातले नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी; चैत्र-वैशाखाच्या जत्रांना कर्णे घुमतात आणि आषाढात सामान बांधून पडते. घरचा हाय-फाय असो वा जत्रेचा ध्वनिवर्धक, पावसाळ्यात त्याला महिन्यातून एकदा तासभर चालू ठेवावे. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नये. ओल आतच राहते.

आता खरेदी. मुंबईच्या चोरबाजारात वा पुण्याच्या जुन्या बाजारात विकणारा पहिले वाक्य बोलतो ते ‘चालू आहे साहेब’ हे. आपण दोन प्रश्न विचारावेत : किती वर्षे बंद होता? कंडेन्सर केव्हा बदलले? उत्तर न मिळाल्यास ते बदललेले नाहीत असे धरून किंमत करावी. भाव ठरवावा तो ट्रान्सफॉर्मरवर आणि व्हॉल्व्हवर, कारण त्यांचा जोड मिळणे कठीण. कंडेन्सर पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात. झाकण उघडून फुगवटा, गळती, जळका वास पाहावा. पाठीमागची व्होल्टची खूणही पाहावी. खूण २०० वर आणि घरी दाब २५० असला, तर आतले ३२० व्होल्ट ४०० होतात. ३५० व्होल्टचा कंडेन्सर ते कसा सोसणार?

वर्षानुवर्षे बंद असलेला संच सरळ भिंतीच्या प्लगाला लावू नये. १०० वॅटचा जुन्या धर्तीचा तारेचा दिवा मालिकेत जोडावा. एलईडी येथे उपयोगी नाही. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत जळत राहिला तर प्लग काढावा. ट्रान्झिस्टरच्या संचात चांगला स्पीकर जोडण्यापूर्वी त्याच्या टोकांवरचा एकदिश दाब मोजावा. तो ५० मिलिव्होल्टच्या आत असावा.

दुरुस्ती करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. प्लग काढला म्हणजे वीज गेली असे समजू नका. व्हॉल्व्हच्या संचात ३०० ते ४०० व्होल्ट नंतरही साठून राहतात आणि ते प्राणघातक ठरू शकतात. १० हजार ओहम, ५ वॅटच्या रोधातून ते उतरवावेत आणि मीटरने शून्य दाखवल्याखेरीज हात घालू नये. नवा कंडेन्सर तितक्याच किंवा अधिक व्होल्टचा घ्यावा, पण एकदिश करणाऱ्या व्हॉल्व्हपुढे ५० मायक्रोफॅरडच्या जागी २२० घालण्याचा उदारपणा करू नये. तो व्हॉल्व्हच्या जिवावर बेततो. अधिक-उणे टोकांची अदलाबदल झाली तर कंडेन्सर फुटतो.

काही मंडळी म्हणतात, कंडेन्सर बदलले की जुना गोडवा गेला. काही जण याच्या उलट, दिसेल तो भाग उपटून टाकतात. आमच्या मते दोन्ही टोकेच. गोडवा आहे तो आराखड्यात, ट्रान्सफॉर्मरात आणि बांधणाऱ्याच्या हातात. आटलेल्या रसायनात तो असण्याचे कारण नाही. तेव्हा कागदाचे आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर निःसंकोच बदलावेत. पॉलिस्टरचे आणि अभ्रकाचे मोजून ठीक ठरले तर राहू द्यावेत. घरातल्या एखाद्या जुन्या संचाला भंगारवाल्याच्या तराजूत घालण्यापूर्वी, शंभर-दोनशे ग्रॅम वजनाच्या या भागांची चौकशी आपण कराल, तर पूर्वी त्याच घरात वाजलेल्या तबकड्या पुन्हा वाजू शकतील.