न्यायासनावरील प्राध्यापक



विजेत्याने पराजिताचा निवाडा करावयाचा, तर तो न्याय की सूड? हा प्रश्न ज्यांना ग्रंथात नव्हे, प्रत्यक्ष न्यायासनावर सोडवावा लागला, त्यांपैकी एक म्हणजे फ्रेंच विधिज्ञ आंरी दोनद्यू द वाब्र.

१८८० साली नीम येथे जन्मलेले हे गृहस्थ पेशाने न्यायाधीश नव्हते. ते पॅरिस येथे फौजदारी कायद्याचे प्राध्यापक होते. राष्ट्रांच्या सीमा ओलांडणाऱ्या गुन्ह्यांसाठी आंतरराष्ट्रीय न्यायपीठ हवे, असे प्रतिपादन ते पहिल्या महायुद्धानंतरच करू लागले होते.

२० नोव्हेंबर १९४५ रोजी न्यूरेंबर्ग येथे नाझी पुढाऱ्यांवरील खटला सुरू झाला. चार विजयी राष्ट्रांचे चार न्यायाधीश बसले. दोषी ठरविण्यास तिघांचे मत आवश्यक होते. फ्रान्सने चार वर्षे जर्मन अंमल सोसलेला. तेव्हा फ्रेंच न्यायाधीश सर्वांत कठोर निघेल, अशी अटकळ कोणीही बांधली असती. घडले ते निराळेच.

आरोपपत्राचे पहिले कलम ‘कटा’चे होते. मीरतसारख्या खटल्यांमुळे इंग्रजी कायद्यातील हे हत्यार आपल्याकडे पुरेसे परिचित आहे. दोनद्यू द वाब्र यांनी त्यालाच हरकत घेतली. युरोप खंडातील कायद्याला असा स्वतंत्र गुन्हा ठाऊक नाही; कृत्य घडल्यानंतर निर्माण केलेला गुन्हा आरोपीच्या माथी मारणे न्याय्य नव्हे; आणि प्रत्यक्ष गुन्हे सिद्ध होत असता कटाची गरजच काय, असे त्यांचे म्हणणे होते. कलम सर्वस्वी वगळले गेले नाही. परंतु आक्रमक युद्धाच्या कटापुरतेच ते मर्यादित झाले. बावीस आरोपींपैकी आठच जण त्याखाली दोषी ठरले. १ ऑक्टोबर १९४६ रोजी बारा जणांना देहदंड, सात जणांना कारावास झाला. तिघे निर्दोष सुटले.

१९४७ साली हेग येथील व्याख्यानांत त्यांनी स्वतः भाग घेतलेल्या या खटल्याची चिकित्सा केली. त्याच वर्षी राफाएल लेम्किन व व्हेस्पासियन पेला यांच्यासह वंशसंहारविरोधी कराराच्या मसुद्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा सल्ला घेतला. ९ डिसेंबर १९४८ रोजी करार संमत झाला. त्यात आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा उल्लेख आला, न्यायालय मात्र आले नाही. १९५२ साली त्यांचे निधन झाले. असे स्थायी न्यायालय १९९८च्या रोम कराराने ठरले व २००२ साली अस्तित्वात आले.

शत्रूच्या अपराधाविषयी शंका नसतानाही त्याच्यावरील प्रत्येक आरोप कायद्याच्या कसोटीवर घासून पाहावा, हा त्यांचा आग्रह होता. सूड आणि न्याय यांतील अंतर नेमके तेवढेच असते.